आक्का, तुझी नऊ डब्यांची गाडी

आक्का,

तुझ्या तेराव्याला आलेली माणसं तुझ्याबद्दल चुकीचं बोलत होती. वाईट कुणीच बोललं नाही. सगळे चांगलंच बोलत होते, पण चुकीचं. "लय सोसलं बाईनं," जतहून आलेली चुलती म्हणाली. "मेंढरामागं पाय झिजवलं, नवऱ्याच्या घरी सुख न्हाई, मशिनीवर बसून डोळं घालवलं, आन धाकटीला शिकीवलं." सगळ्यांनी माना हलवल्या. कुणी पदर डोळ्यांना लावला. मी पाण्याचे तांबे भरत फिरत होते आणि मला राग येत होता. वाटलं, सगळ्यांना गप्प करून सांगावं की ही बाई बिचारी नव्हती. हिनं नऊ डब्यांची गाडी साडेचार फुटांवरून खाली सोडली आणि उभ्या गोलातून उलटी करून परत जागेवर आणली. एकदा नाही, लागोपाठ नऊ वेळा. तुमच्यातल्या कुणाला येतंय का?

सांगितलं नाही. गाडीचे रूळ तेव्हा सोडवून पोत्यांत भरलेले होते, दाखवायला समोर काही नव्हतं. सांगितलं असतं तर चुलतीनं विचारलं असतं, कसली गाडी? मी म्हटलं असतं, खेळण्यातली. मग तिनं माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला असता. गावात तूच कुणाला कळू दिलं नव्हतंस. "त्यास्नी काय सांगायचं? तोंडानं सांगून न्हाई कळत. दाखवायला लागंल, आन गाडीचा एवढा ढाचा जतला कोण न्हेणार?" म्हणून जे तिथं बोलायचं होतं ते तुलाच लिहिते आहे. तुला ठाऊक असलेलंच लिहिते आहे, पण काही गोष्टी मी तुझ्यासमोर कधी बोलले नाही, त्या मध्ये मध्ये येतील.

हे सुरू झालं तेव्हा तू जतचं शिलाईचं दुकान बंद करून माझ्याकडं सांगलीत विश्रामबागला आलीस त्याला वर्ष होत आलं होतं. गुडघ्यांनी मशीनचा पाय मारणं सोडलं होतं. मी कॉलेजात फिजिक्स शिकवायला गेले की तू खिडकीशी बसायचीस आणि संध्याकाळी मी आले की समोरच्या बिल्डिंगमधल्या कुठल्या बाईचा ब्लाउज खांद्यावर चुकलाय ते मला सांगायचीस. टीव्ही तुला आवडत नव्हता. देवळात तुझं मन रमत नव्हतं. तुझे हात मांडीवर नुसते पडलेले असायचे, आणि तुझे हात नुसते पडलेले मी जन्मात बघितले नव्हते.

मग मी तो खोका आणला. आमच्या प्रयोगशाळेला एका माजी विद्यार्थ्यानं पाठवलेला, जोडणीचा खेळ. प्लॅस्टिकच्या कांड्या, त्या जोडायचे सांधे, दोन रुळांची लवचिक पट्टी, एक साखळी, एक छोटी मोटर. सगळं जोडलं की रोलर कोस्टर तयार. साखळी गाडीला वर ओढून नेते, शेंड्यावर सोडते, मग गाडी आपल्या वजनानंच खाली, वर, वळणावळणानं आणि शेवटी उभ्या गोलातून क्षणभर उलटी होऊन परत साखळीपाशी येते. ऊर्जेचा धडा शिकवायला याच्याइतकं चांगलं साधन नाही. फक्त एक अडचण होती. खोक्यावरच्या चित्रात तीन डब्यांची गाडी होती, आणि आत गाडीच नव्हती. कुणी काढली, कधी हरवली, कोण जाणे. म्हणूनच तो खोका कपाटात पडून होता आणि मला सुट्टीत घरी आणता आला.

ढाचा आपण आठ दिवसांत उभा केला. टीव्ही स्वयंपाकघरात गेला. हॉलमध्ये माझ्या हनुवटीपर्यंत येणारा तो सांगाडा उभा राहिला आणि तू त्याच्याभोवती एक फेरी मारून म्हणालीस, "बरं हाय. आता ह्यावरनं काय सोडायचं?"

मी गाडी केली. बाजारातल्या खेळण्यातल्या मोटारी कापून तीन डबे केले, तारेच्या आकड्यांनी एकमेकांना जोडले. साखळीनं ती वर नेली. शेंड्यावरून सुटली आणि पहिल्याच वळणावर उडून सोफ्याखाली गेली. मी परत ठेवली. परत उडाली. चौथ्यांदा मी सोफ्याखाली वाकले तेव्हा तू म्हणालीस, "सुमे, ही गाडी न्हाई. तीन दगडं तारंला बांदलीस तू."

"मग तू कर."

"दे हिकडं."

तू लगेच काही केलं नाहीस. दोन दिवस तू नुसता रुळांवरून बोटाचा शेंडा फिरवत होतीस, शिवण कुठं उसवलीय ते बघावं तसा. मला वाटलं विसरलीस. तिसऱ्या दिवशी मला बोलावून माझं बोट धरून वळणावर ठेवलंस. "हितं बग. पट्टी सारखी न्हाई. वळताना आवळतीया." मी पट्टी लावून मोजलं. वळणावर दोन रुळांमधलं अंतर खरंच कमी होत होतं, जेमतेम नखाएवढं. मी चार वेळा गाडी पाडली होती आणि एकदाही मोजलं नव्हतं.

चाकं तू मण्यांची केलीस. टाचणीच्या आसावर गुळगुळीत मणी. प्रत्येक डब्याला वर चालायची, बाजूनं धरायची आणि रुळाखालून पकडायची अशी तीन तऱ्हेची. खालून पकडणारी नसतील तर उलटं झाल्यावर गाडी पडेल, हे मी फळ्यावर लिहून दिलं असतं. तू बोलली नाहीस, केलंस. डब्यांचं अंग माझ्या जुन्या फूटपट्टीचं. प्रत्येक आसाला मशीनच्या तेलाचा एकेक थेंब. आणि डब्यांना बसायच्या गाद्या. खणाच्या ब्लाउजपीसच्या, काठाला पायपिंग घातलेल्या, माझ्या अंगठ्याएवढ्या.

"गाद्या कशाला आक्का? यात कोण बसणार?"

"बसणारं बसू दे न बसू दे. बिनगादीची गाडी कोण करतं?"

ती तीन डब्यांची गाडी पहिल्याच फेरीत गोल फिरून आली. तू टाळी वाजवली नाहीस. "फिरली," एवढंच म्हणून चहा ठेवायला गेलीस. चहात साखर घालायची विसरलीस, त्यावरून मला तुझं काय झालंय ते कळलं.

आता जे लिहायचंय ते मी आजवर टाळलं. सांगलीतल्या प्रदर्शनाचं. शिक्षकांनी स्वतः केलेली प्रयोगाची साधनं मांडायची होती. अर्जात नाव, शिक्षण, पद असे रकाने होते. मी माझं नाव लिहिलं, एम.एस्सी. लिहिलं, आणि तळाला 'सहकार्य' म्हणून जागा होती तिथं लिहिलं, 'घरची मंडळी'. का लिहिलं? मी स्वतःला सांगितलं की प्रदर्शन शिक्षकांचं आहे, तुझं नाव चालणार नाही. पण मी विचारलं होतं का कुणाला? नव्हतं. मला माझं नाव एकटं बरं दिसत होतं, एवढीच खरी गोष्ट आहे. तेच कार्ड टेबलावर उभं राहिलं.

तू नवं लुगडं नेसून आलीस. चष्मा लावून, ओठ हलवत ते कार्ड वाचलंस. मग टेबलाच्या अलीकडं, बघायला आलेल्या माणसांच्या रांगेत जाऊन उभी राहिलीस. लोक मला विचारत होते, मॅडम, चाकं कशाची केलीत? आणि मी सांगत होते, मण्यांची केली. 'केली' म्हणत होते. मधल्या सुट्टीत एक मणी निसटला, तर तू पुढं होऊन तो बसवलास आणि परत रांगेत गेलीस. मला प्रशस्तिपत्र मिळालं. घरी येताना रिक्षात तू म्हणालीस, "घरची मंडळी म्हंजे मीच न्हवं?" आणि हसलीस. कडवटपणा नव्हता त्यात. कडवट असतं तर मी भांडले असते, स्वतःची बाजू मांडली असती, कदाचित रडून माफीही मागितली असती. तू हसलीस आणि माझ्याकडं काही उरलं नाही. ती माफी मी कधीच मागितली नाही, आक्का. पुढच्या अर्जात नाव बदलणं वेगळं आणि तोंडानं म्हणणं वेगळं. आज म्हणते. मी चुकले होते.

त्यानंतर चार दिवस तू ढाच्याकडं बघितलं नाहीस. पाचव्या दिवशी मी कॉलेजातून आले तर जमिनीवर वर्तमानपत्र पसरून तू फूटपट्ट्या कापत बसली होतीस.

"काय चाललंय?"

"नऊ करायच्या."

"नऊ काय?"

"डबं. तीन म्हंजे रिक्षा झाली. गाडी म्हणल्यावर लांब पायजे."

मी सांगितलं, होणार नाही. वळणावर अडकेल. पुढचे डबे उतरायला लागले तरी मागचे चढत असतील, वेग मरेल, गोलात पोचायच्या आत थांबेल. तू सगळं ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "बरं. ते कापलेलं तुकडं दे हिकडं."

सहा डब्यांपर्यंत कुरकुरत फिरली. सातवा लावला आणि दुसऱ्या वळणावर पडायला लागली. रोज पडायची. मी कॉलेजातून आले की तू आधी आजचा आकडा सांगायचीस, आज बारा येळा, आज नऊ येळा. मी गणित करत होते. जोडायला कडक तारच हवी असं माझं म्हणणं होतं, म्हणजे ओढ वाया जात नाही. तुझं म्हणणं, तारंनंच पडतीया. एका रविवारी दुपारी ते टोकाला गेलं.

"आक्का, तुला फिजिक्स कळत नाही," मी म्हणाले. गृहपाठ न करून आलेल्या पोरीला बोलावं तशा आवाजात.

तू हातातली टाचणी खाली ठेवलीस. "न्हाई कळत. चौथीच्या म्होरं बसले आस्ते तर कळलं आस्तं. मास्तर घरी आलं तवा म्हणलं, दोघीतली एक तरी शाळंत ऱ्हाऊ द्या. आव्वा माज्याकडं बघत हुती. मी म्हणलं धाकटीला ठेवा, मी जाते मेंढराबरं. माजी जागा तुला दिली न्हवं? मग तुला तरी कळू दे. गाडी का पडतीया सांग."

मास्तर घरी आले होते, हे मला माहीत होतं. ते तूच ठरवलंस, हे माहीत नव्हतं. मी तेव्हा सहा वर्षांची आणि तू दहा. इतकी वर्षं मी समजत होते की आव्वानं, आपल्या आईनं, ठरवलं, घरची गरज होती, तसाच काळ होता. काळाचे आभार मानावे लागत नाहीत, म्हणून मला ते सोयीचं होतं. मी गणिताचा कागद पुढं ओढून बसले.

अर्ध्या तासानं तू चहाचा कप माझ्यापुढं ठेवलास. "घे. आन तुज्या त्या फोनात हळू दिसतंय न्हवं, तसं काढ बगू."

मी गाडीचा व्हिडिओ काढला आणि संथ करून लावला. आपण दोघी फरशीवर पालथ्या पडून बघत होतो, एक पन्नाशीतली आणि एक साठीच्या दाराशी आलेली. दुसऱ्या वळणावर पुढचे चार डबे वेग कमी करतात, मागचे तीन जोरात येऊन धडकतात, तार वाकत नाही, आणि मधला पाचवा डबा उचलला जाऊन बाहेर पडतो. स्पष्ट दिसत होतं.

"मेंढरं वढ्यात उतरताना आसंच व्हतंय," तू म्हणालीस. "पुढची थांबली की मागची अंगावर येत्यात. मग मधली बाजूला पडतीया."

"मग काय करायचं असतं?"

"मधी जागा सोडायची. आन एकमेकीला काठीनं कोण बांदतंय का? तसं बांदलं तर एक पडली की समदी पडतील."

तू उठून बटणांचा डबा काढलास. त्यातून टिचबटण. कॅनव्हासच्या दोन छोट्या पट्ट्या, एकीवर टिचबटणाचा वरचा भाग, दुसरीवर खालचा. टिच्च करून लावलंस आणि माझ्या हातात दिलंस. मी ते डावीकडं-उजवीकडं फिरवलं, फिरलं. वर-खाली वाकवलं, कॅनव्हास वाकलं. थोडं पिळलं, पिळलं. ओढलं, तर तुटेना. मोठमोठ्या गाड्यांना जो सांधा लागतो, सगळीकडं वळणारा आणि तरी न सुटणारा, तो माझ्या तळहातावर होता. ब्लाउजच्या बटणाचा. डब्यांनी एकमेकांना धडकू नये म्हणून मध्ये घोंगडीच्या जाड तुकड्याची गादी. तीही तूच सुचवलीस. मी म्हटलं, घासेल, वेग जाईल. तू म्हणालीस, घासू दे, पडण्यापरीस घासल्यालं बरं.

आणि तो आपला वाद. तिसऱ्या डब्याच्या गादीखाली तू लोखंडी वायसर शिवलंस, नटाखाली घालतात ती चकती. मी म्हटलं, वजन कुठंही ठेव, एकूण ऊर्जा तीच. तू म्हणालीस, "एकूण तीच आसंल. पण जितं वढ लागतीया तितं जीव पायजे." मी कागदावर करून दाखवलं. तू कागद वाचलास, उलटा करून मागचीही बाजू बघितलीस आणि म्हणालीस, "कागदावरनं कुटं पडतीया गाडी?" एकदा वायसर पुढं, एकदा मागं लावून मोजून बघू, असं ठरलं होतं. आज करू, उद्या करू असं चाललं. तू तुझ्या जागी ठाम, मी माझ्या. अजूनही मला वाटतं माझंच बरोबर आहे. तेराव्यानंतर माणूस दुसऱ्याला बरोबर ठरवून मोकळा होतो, तसं मी करणार नाही. तुलाही ते आवडलं नसतं.

पाचगणीच्या एका निवासी शाळेत छंदांचं प्रदर्शन असतं, कुणीही भाग घ्यावा. तिथला अर्ज मी घरी आणला आणि तुझ्यासमोर भरला. नाव, मायाक्का. शिक्षण, चौथी. "व्यवसाय काय लिहू?" तू विचार केलास. "टेलर लिही. आन गाडीवाली." सहकार्याच्या रकान्यात मी लिहिलं, सुमन, धाकटी बहीण. तू चष्मा लावून बोट फिरवत सगळं वाचलंस. माझ्या नावापाशी बोट थांबलं. "हे बराबर हाय," म्हणालीस आणि सही केलीस. सही होईपर्यंत मी अर्ज दोन्ही हातांनी दाबून धरला. साताऱ्यापर्यंत एका एसटीनं आणि तिथून पुढं दुसऱ्या एसटीनं गेलो. ढाचा पोत्यांत, गाडी डब्यात, आणि तो डबा सगळा घाट तुझ्या मांडीवर. मी म्हटलं, वर ठेवते. तू म्हणालीस, "वर सामान ठेवत्यात."

आदल्या दिवशी दुपारी हॉलमध्ये ढाचा उभा केला, संध्याकाळपर्यंत गाडी सुरेख फिरली. सकाळी गेलो तर अंगात हुडहुडी भरवणारी थंडी. गाडी रुळावर ठेवली. साखळीनं वर नेली, सुटली, वळणं घेतली, गोलात चढली आणि अगदी शेंड्याला जाऊन थांबली. नऊ डबे उलटे लटकत राहिले, क्षणभर, आणि मग आल्या वाटेनं मागं घसरले. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा गोलाच्या निम्म्यातच थांबली. परीक्षक यायला तास होता. शेजारच्या टेबलावरची माणसं बघत होती आणि बघत नसल्यासारखं करत होती.

मी हात लावून बघितलं. मशीनचं तेल थंडीनं घट्ट झालं होतं, कॅनव्हास गारठ्यानं ताठ. "आक्का, दोन डबे काढू. सात नक्की फिरतील."

"कागदावर नऊ लिवलंय."

"कुणी मोजत नाही गं."

"मी मोजती."

तू गाडी उचललीस. अंगावरची घोंगडी काढून त्यात ती गुंडाळलीस, थंडीत जन्मलेलं कोकरू गुंडाळतात तशी, आणि बाहेर जाऊन पायरीवर उन्हात बसलीस. पोटाशी धरून. परीक्षक ठरल्या वेळेच्या आधीच आले. तिघं होते. आपल्या टेबलाशी थांबले. ढाचा आहे, गाडी नाही, आणि मी एकटी.

"हे तुम्ही केलंय?" त्यातल्या एका बाईंनी विचारलं.

"नाही," मी म्हणाले. "ढाचा खोक्यातला आहे. गाडी माझ्या बहिणीनं केलीय. ती बाहेर उन्हात बसलीय, गाडी गरम करतीय. थोडं थांबावं लागेल."

एकानं घड्याळ बघितलं. मी त्यांच्या नजरेला नजर देऊन उभी राहिले. आक्का, मी आयुष्यात पुष्कळ परीक्षा दिल्यात, तू मला पाठवलंस म्हणून दिल्यात, पण इतकी ताठ मी कुठल्याच परीक्षेत बसले नव्हते. आणि ते थांबले. पुढचं टेबल बघून परत आले.

तू आलीस. घोंगडी सोडलीस, एकेक टिचबटण दाबून बघितलंस, गाडी रुळावर ठेवलीस आणि माझ्याकडं बघून मान हलवलीस. मी मोटर लावली. साखळीनं नऊ डबे टकटकत वर चढले. खणाच्या नऊ रंगांच्या गाद्या एकामागून एक शेंड्यावर आल्या, आणि पहिला डबा पलीकडं झुकला.

पहिलं वळण. दुसरं, ते पाडणारं. पाचवा डबा हलला, सावरला. खालच्या उतारावर सूं असा आवाज आला, आपल्या हॉलमध्ये कधी आला नव्हता इतका मोठा. गोलात चढली, शेंड्यावर पोचली, आणि थांबली नाही. नऊच्या नऊ डबे उलटे होऊन पलीकडं उतरले.

"ओंदु," तू म्हणालीस.

जतच्या माळावर मेंढरं मोजताना तू कानडीत मोजायचीस, ते मी विसरले होते. दुसऱ्या फेरीला येरडु. मूरु. शेजारची टेबलं सोडून माणसं आली. नाल्कु. शाळेतल्या पोरी दाटीवाटीनं उभ्या राहिल्या. ऐदु. आरु. आता त्या पोरीही तुझ्यामागून म्हणायला लागल्या, चुकीच्या उच्चारात. येळु. येंटु. मी मोटरच्या बटणावर बोट ठेवून उभी होते आणि मला गाडी नीट दिसत नव्हती, डोळे भरले होते, म्हणून मी तुझ्या तोंडाकडं बघत होते. गाडी कुठं आहे ते तिथंही दिसत होतं.

"ओंबत्तु!"

मी मोटर बंद केली. जी टाळी पडली तिनं हॉलच्या काचा थरथरल्या असं मी म्हटलं, तर तू म्हणशील फुगवून सांगू नको. बरं, नाही थरथरल्या. पण पडली टाळी, आणि लवकर थांबली नाही. घड्याळ बघणाऱ्या त्या परीक्षकानं खाली बसून एक डबा सोडवला, परत लावला, परत सोडवला. "याला काय म्हणता?"

"टिचबटण," तू म्हणालीस. "कुठल्याबी दुकानात मिळतंय."

मग दोन वेण्या घातलेली एक मुलगी पुढं आली आणि तिनं विचारलं, "आजी, तुम्ही इंजिनिअर आहात का?"

माझ्या मनात उत्तर तयार होतं. नाही गं, ती टेलर आहे, शाळा चौथीपर्यंतच झाली तिची, वगैरे. तू माझ्याकडं बघितलंही नाहीस.

"व्हय," म्हणालीस.

पहिल्या नंबरची ढाल मिळाली ती नंतरची गोष्ट. ती माझ्या कपाटावर आहे. परतीच्या एसटीत तू पिशवीतली स्ट्रॉबेरी खात होतीस, आंबट लागली की एक डोळा मिटत होतीस. साताऱ्याच्या अलीकडं म्हणालीस, "सुमे, अकरा करू?" मी म्हटलं, "आता पुरे गं." तू म्हणालीस, "पुरे म्हणायला आत्ता कुटं सुरवात झालीया," आणि खिडकीला डोकं टेकून झोपलीस. मला वाटलं होतं, वेळ आहे. उन्हाळ्यात करू, सुट्टी लागली की.

त्यानंतरचं, दवाखान्यातलं, मी लिहिणार नाही. ते सगळ्यांना माहीत आहे, आणि त्यात तू फारशी नव्हतीसच.

चुलती वगैरे गेल्यावर तिसऱ्या दिवशी मी ढाचा परत उभा केला आणि बटणांचा डबा काढला. मला सुई धरता येत नाही, हे तू मला लहानपणापासून ऐकवत आलीस. दहाव्या डब्याची गादी शिवायला मला दोन दिवस लागले आणि पायपिंग एका बाजूला फुगलंय. तू बघितलं असतंस तर उसवून टाकलं असतंस. पण परवा सकाळी दहा डबे गोलातून फिरून आले. मी मोजत होते, मराठीत, मला कानडी तुझ्यासारखं येत नाही. हॉलमध्ये मी एकटीच होते आणि मी टाळी वाजवली. मोठ्यानं वाजवली. खालच्या मजल्यावरच्या काकू विचारायला आल्या, काय झालं? मी त्यांना आत घेतलं, खुर्चीवर बसवलं आणि गाडी सोडून दाखवली. तुझं नाव सांगितलं, सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, पुन्हा एकदा सोडा.

अकरावा लावला की दुसऱ्या वळणावर पडते. काल सात वेळा पडली, आज चार. बसेल. वाद घालायला समोर कुणी नाही, म्हणून जरा वेळ लागतोय.

तुझी,
सुमी